कोथिंबिरीचे पैसे कोणी सोसायचे?

ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत नेरुळ-खारघरकडे राहणाऱ्यांना सेंद्रिय भाजीचं आता अप्रूप राहिलेलं नाही. पावसाळा सरला की सोसायटीच्या ग्रुपवर कुणी ना कुणी मेसेज टाकतंच. विषमुक्त भाजीची टोपली, थेट शेतातून, घरपोच. आठवड्याला इतके, महिन्याला इतके. सोबत पालकाच्या वाफ्याचा फोटो, मागे धुक्यातला डोंगर. यातल्या बहुतेक टोपल्या म्हणजे दारात येणारं दुकान असतं. त्याला माझी हरकत नाही, दुकानं लागतातच. पण त्याच मेसेजात 'आमच्या शेताचे सभासद व्हा' असंही असतं आणि खालच्या ओळीत 'भाजी पसंत न पडल्यास पैसे परत'. या दोन ओळी एकमेकींशी भांडतात हे लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही, आणि वाचणाऱ्याच्याही.

शहरातल्या माणसाने शेताचा वाटा घ्यायचा असेल, म्हणजे हंगामाचे पैसे आधी देऊन निघेल ते पीक घ्यायचं असेल, तर तोट्यातला वाटाही घ्यावा, असं माझं मत आहे. तेवढी तयारी नसेल तर नाक्यावरच्या मावशींकडून भाजी घ्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

ही पद्धत जगात जिथे रुजली तिथे तोट्यासकटच रुजली. जपानमध्ये १९७१ साली सेंद्रिय शेतीची संघटना उभी राहिली आणि त्या दशकात शहरातल्या घरांनी शेतकऱ्यांशी 'तेकेई' नावाने थेट करार केले : तुम्ही फवारणी थांबवा, निघेल ते पीक आम्ही उचलतो, वेडंवाकडं असलं तरी. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर याची सुरुवात झाली. न्यू हॅम्पशायरच्या शेतावर तर वर्षाचा खर्च सभेत मांडतात आणि कुणी किती द्यायचे ते ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडतात. एकूण बेरीज खर्चाला पुरली की झालं. आपल्याकडे मुंबईत 'हरी भरी टोकरी' या नावाने हंगामाचे पैसे आधी घेऊन भाजी देण्याचा प्रयोग झालेला आहे. म्हणजे कल्पना परदेशी आहे, इथे चालायची नाही, ही सबब टिकत नाही.

आगाऊ पैसे कशाला, असं प्रत्येक जण विचारतो. भाजीपाल्याचा खर्च आधी होतो. बियाणं, रोपं, शेणखत, ठिबकच्या नळ्यांची डागडुजी, नांगरटीला ट्रॅक्टर, मजुरी. हातात पैसा येतो तो माल निघाल्यावर. मधल्या दोन-तीन महिन्यांची सोय छोटा शेतकरी बहुतेक वेळा आडत्याकडून नाहीतर गावातल्या व्यापाऱ्याकडून उचल घेऊन करतो. उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर जाणार आणि भाव तो सांगेल तो. आडत्याला शिव्या घालणं सोपं आहे, पण तो दोन कामं चोख करतो. शेतकऱ्याला पैसे लागतात तेव्हा देतो, आणि गाडी तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पोहोचली की सगळा माल उतरवून घेतो. 'आज दुधी नको' म्हणत नाही. शहरातल्या पन्नास घरांना त्याची जागा घ्यायची असेल तर ही दोन्ही कामं त्यांनी करायला हवीत. २०१६ साली राज्य सरकारने फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून काढल्या, आडत, म्हणजे आडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. चांगलंच झालं. पण पेरणीच्या वेळचे पैसे कुठून आणायचे, याचं उत्तर त्यात नव्हतं. आठवडे बाजारातही शेतकरी आपला माल घेऊन गिऱ्हाइकाची वाटच बघत बसतो.

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासात ग्राहकाच्या रुपयातले किती पैसे शेतकऱ्याला मिळतात ते काढलं होतं. टोमॅटोत सुमारे ३३, कांद्यात ३६, बटाट्यात ३७. उरलेले सगळे दलालाच्या घशात जातात असं नाही, त्यात हमाली आहे, वाहतूक आहे, नासाडी आहे आणि उन्हात हातगाडी लावून बसणाऱ्याची दिवसभराची मेहनतही आहे. मला या आकड्यांपेक्षा भावाचे हेलकावे जास्त टोचतात. २०२३ च्या मे महिन्यात नाशिककडच्या शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले, जुलैत तोच टोमॅटो शंभरीपार गेला आणि सप्टेंबरात पुन्हा मातीमोल झाला. या झोपाळ्यावर शेतकरी एकटा बसलेला असतो. जुलैत आपण बोंब मारतो, मे आणि सप्टेंबरात आपल्याला कळतही नाही.

ठाणेकराला आगाऊ पैसे द्यायची भीती वाटते, हेही मला पटत नाही. कोलशेतला नाहीतर कासारवडवलीला नुसता खड्डा खणलेला असतो तेव्हा आपण फ्लॅट बुक करतो. स्लॅब पडेल तसे हप्ते भरतो. ताबा लांबला तर घरभाडं आणि ईएमआय दोन्ही सोसतो, आणि तरी वास्तुशांतीला बिल्डरला पेढे देतो. तिथे २०१७ पासून महारेरा आहे, तक्रारीला जागा तरी आहे. शेताला महारेरा नाही, हे मान्य. म्हणूनच शेताचा हिशेब उघडा हवा. पण ज्याला पंचवीस-तीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घ्यायला भीती वाटत नाही त्याने चार महिन्यांच्या भाजीच्या पैशांसाठी इतकी कुरकुर करावी?

आमच्या सोसायटीतल्या काही घरांनी मुरबाडच्या बाजूच्या एका शेताचा हंगाम घेतला होता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर शनिवारी एक टोपली. डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला. शुक्रवारी रात्री शेतकऱ्याचा मेसेज आला : 'ताई-दादा, नमस्कार. पावसाने कोथिंबीर पूर्ण झोपली. मेथी पण पिवळी पडली. उद्या पालेभाजीत फक्त लाल माठ आहे. मुळा आणि दुधी भरपूर. सांभाळून घ्या.' थोड्याच वेळात तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांचं उत्तर : 'कोथिंबीर व मेथीचे पैसे वजा करावेत.' त्याखाली दोन-तीन अंगठे.

काकांवर मी रागावले नाही. आयुष्यभर त्यांनी पै-पैचा हिशेब ठेवून संसार केला आणि आपण हंगाम विकत घेतलाय, जुड्या नव्हे, हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. पण त्या वजावटीचा शेतावर काय परिणाम होतो ते पाहू. समजा पन्नास घरं आहेत, प्रत्येकी महिना दोन हजार, चार महिने. झाले चार लाख. त्यातून जमिनीची मशागत, खत-बियाणं, पाण्याची वीज, दर शनिवारचा टेंपो आणि मजुरी गेल्यावर कुटुंबाला काही उरायला हवं. झोपलेल्या कोथिंबिरीचं बियाणं, खुरपणी, पाणी, सगळा खर्च होऊन गेलेला. आता तिचे पैसेही कापले तर पाऊस त्याला दोनदा लागला.

आणि पुढच्या वेळी तो मेसेज टाकणार नाही. मुरबाडहून ठाण्याला येणारा टेंपो कल्याणवरूनच येतो, आणि कल्याणला बाजार समिती आहे. पहाटे तिथे थांबून चाळीस-पन्नास जुड्या कोथिंबीर घेतली की टोपली भरली, काका खूश, ग्रुपवर शांतता. मग ती कोथिंबीर कुठल्या मातीतली, कशावर वाढलेली, हे देव जाणे. सेंद्रियच्या नावाखाली बाजारातला माल येतो, अशी ओरड आपण सगळेच करतो. त्या लबाडीला लबाड विक्रेते जबाबदार आहेतच, पण बारा महिने, दर आठवड्याला, सगळ्या भाज्या, एकसारख्या, ठरल्या वजनाच्या हव्यात असं म्हणणारं गिऱ्हाईकही आहे. तोटा अजिबात सोसायचा नाही असं सभासदांनी ठरवलं की शेतकऱ्यापुढे दोनच वाटा उरतात, धंदा बंद करायचा किंवा बाजारातून माल भरायचा.

यावर कुणी म्हणतं, प्रमाणपत्र मागा. मागायला हरकत नाही, पण त्याने काय कळतं तेही माहीत असावं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१७ चे सेंद्रिय अन्नाचे नियम आहेत, 'जैविक भारत' हे बोधचिन्ह आहे. त्याच नियमांत छोट्या शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकलेल्या मालाला प्रमाणपत्राची सक्ती नाही. फक्त ते बोधचिन्ह त्याला लावता येत नाही. त्याखेरीज पीजीएस नावाची पद्धत आहे, तिच्यात गावातले शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात. मला ती आवडते, कारण शेजाऱ्याच्या बांधावर काय फवारलं जातं हे शेजाऱ्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पण कागद शेवटी पिकाबद्दल सांगतो, टोपलीबद्दल नाही. टोपलीत काय आहे हे कळण्याचा उपाय जुनाच आहे : महिन्यातून एकदा कुणीतरी न सांगता शेतावर जाऊन यायचं. ठाण्याहून मुरबाड पन्नासेक किलोमीटर. तिथे अजून रेल्वे पोहोचलेली नाही, पण कल्याणहून एसटी आहे. वाफ्यात मुळा आहे की नाही हे बघायला कृषी पदवी लागत नाही.

तब्येतीच्या मुद्द्यावर मी फार जोर देणार नाही. सेंद्रिय भाजी खाऊन अमुक आजार बरा झाला असल्या गोष्टी ग्रुपवर फिरतात, त्या मी वाचत नाही. सेंद्रिय शेतातही फवारणी होते. निंबोळी अर्क असतो, दशपर्णी असतो, बुरशीवर ताम्रयुक्त औषधही चालतं. रासायनिक अंश कमी असतो हे खरं, आणि रुळांच्या कडेला सांडपाण्यावर वाढलेला पालक डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला दुसरा पर्याय हवासा वाटणं साहजिक आहे. पण विषाचा विचार करायचाच तर तो खाणाऱ्यापासून का सुरू करायचा? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन वाफ्यात उतरतो त्याच्या अंगावर ते आधी पडतं; आपल्या ताटात येतं ते धुऊन, सोलून, शिजवून. आपल्या मुलांना विषमुक्त खाऊ घालायचंय ही भावना मी समजू शकते. फवारणाऱ्यालाही मुलं आहेत.

आता ज्या गोष्टीबद्दल या टोपल्यांच्या जाहिराती तोंडातून ब्र काढत नाहीत, ती. भाजी निवडणार कोण?

बाजारातली मेथी निदान थोडी झाडून, मुळं बांधून येते. शेतातून आलेली टोपली स्वयंपाकघराच्या ओट्यावर उपडी करा. माठाच्या मुळांना चिकटलेली ओली तांबडी माती, दोन पायांचा मुळा, पानांवर किड्याने पाडलेली नक्षी, तळाशी गवताची दोन-तीन पाती आणि एखादी गोगलगाय. चव उत्तम असते, वाद नाही. पण ते सगळं निवडून, तीन पाण्यांनी धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून ठेवायला शनिवारची अर्धी सकाळ जाते, आणि ती सकाळ घरातल्या बाईची असते. आठवडाभर डोंबिवली नाहीतर ऐरोलीच्या गर्दीत लोंबकळून आलेल्या बाईला शनिवारी चार पालेभाज्या निवडायला बसवायचं आणि वर 'काय मस्त ताजी आहे' म्हणत पेपर वाचायचा, हा सेंद्रिय संसार मी बऱ्याच घरांत पाहते. ज्या घरांनी मधेच वाटा सोडला त्यांतल्या बहुतेकींनी मला खासगीत हेच कारण सांगितलं. ग्रुपवर मात्र 'जरा महाग पडतं' असं लिहिलं.

शेतातही तेच. तणनाशक मारायचं नाही म्हणजे तण हाताने काढायचं. ती खुरपणी बहुतेक बायकाच करतात, वाकून, रोजाने, आणि पुरुषापेक्षा कमी रोजाने. आपण भाजीचा भाव विचारतो, टेंपोचं भाडं विचारतो, खुरपणाऱ्या बाईला काय मिळतं हे कुणी विचारत नाही. उघड्या हिशेबात पहिला आकडा तिचा असावा असं मला वाटतं. तो वाढवायला टोपली शंभर रुपयांनी महाग झाली तर होऊ दे.

महागाईचा आक्षेप मात्र खरा आहे, त्याला बगल देता येत नाही. हंगामाचे आठ हजार एकरकमी बाजूला काढणं आमच्या इमारतीत जमतं, आमच्याकडे काम करायला येणाऱ्या बाईंना जमणार नाही. ऐपतीप्रमाणे वाटा ठेवला, म्हणजे काही घरांनी थोडं जास्त दिलं आणि एक-दोन टोपल्या महिन्याच्या हप्त्याने, कमी दरात ठेवल्या, तर थोडा फरक पडेल; सगळ्या शहराचा प्रश्न त्याने सुटणार नाही. पन्नास टोपल्यांनी तुर्भ्याचा बाजार ओस पडणार नाही, आणि पडूही नये. ठाणे स्टेशनबाहेर पहाटे कसारा-वासिंदकडून लोकलने आलेल्या बायका शेवळं, टाकळा, कर्टुली, भारंगी अशा रानभाज्या घेऊन बसतात. त्यांच्याकडे ना प्रमाणपत्र, ना बोधचिन्ह, ना फोटो. कुणी बी पेरलेलं नाही, कुणी खत घातलेलं नाही. टोपलीसाठी हजारो रुपये मोजणारी माणसं त्यांच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतात, हे बघून मला हसावं की रडावं कळत नाही.

स्थानिक शेताचा वाटा घेतला की ऋतूही गळ्यात पडतात. ठाणे जिल्ह्याच्या या बाजूला पावसात भात. भात निघाला की ओल आणि विहिरीच्या पाण्यावर फेब्रुवारी-मार्चपर्यंत भाजी होते. पावसाळ्यात मांडवावर काकडी, शिराळी, पडवळ. जूनमध्ये फ्लॉवर मागाल तर मिळणार नाही. एप्रिल-मेमध्ये कुणी 'शहापूरची ताजी पालेभाजी' देत असेल तर पाणी कुठून आणता, हे विचारावं. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यातलीच; त्यांचं पाणी मुंबई-ठाण्याच्या नळांना येतं आणि तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतात. टँकरच्या तालुक्यातून उन्हाळाभर पालक मागणं जरा जास्तच होतं. चार महिने तिथली भाजी खावी, उरलेले आठ महिने बाजार आहेच.

जमिनीचं काय? अनेकांना वाट्यापेक्षा गुंठे हवे असतात. शेतकरी नसलेल्याला कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही, म्हणून मग कुणाच्या तरी नावाने, कुठल्या तरी पळवाटेने फार्महाऊस उभं राहतं. दोन आंब्याची झाडं, एक पोहण्याचा हौद, आणि आधी तिथे भात लावणारा माणूस गेटवर राखणदार. नवी मुंबई तर अख्खीच आगरी-कोळ्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर उभी आहे. सिडकोने ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचा बळी गेला. आता समृद्धी महामार्ग शहापूर-भिवंडीतून आमण्यापर्यंत आला, २०२५ मध्ये विमानतळ झाला, आणि पनवेलपासून मुरबाडपर्यंत प्रत्येक बांधावर एजंट उभा आहे. वाट्याचे चार लाख त्या एजंटच्या आकड्यापुढे काहीच नाहीत, याबद्दल मी स्वतःची फसवणूक करून घेत नाही. शेतकरी विकायचं म्हणाला तर पन्नास टोपल्या त्याला अडवू शकत नाहीत. ज्याला विकायचं नाही, त्याला घरात 'शेतीत काय ठेवलंय' म्हणणाऱ्या पोरापुढे मांडायला एक ठरलेली रक्कम मिळते, इतकंच.

महापालिकांकडून मला फार काही नको. सेंद्रिय महोत्सव नकोत, फीत कापणं नको. शनिवारी सकाळी दोन तास एखाद्या मैदानाचा कोपरा किंवा मंडईची शेड वाटपाला मिळाली की प्रत्येक सोसायटीच्या गेटवर टेंपो थांबवून वॉचमनशी हुज्जत घालावी लागणार नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा जिरवायला लावलं. आता कितीतरी ठिकाणी खताची पोती पार्किंगमध्ये पडून आहेत आणि कुंड्या संपल्या आहेत. टेंपो रिकामाच परत जातो. कचऱ्यातून काचा आणि बॅटरीचे सेल वेगळे काढण्याची शिस्त असेल तर ती पोती त्यात चढवता येतील, नसेल तर शेतकऱ्याला ते खत देऊ नये.

येत्या हंगामासाठी आमच्या गटाची बैठक दसऱ्यानंतर आहे. करार लेखी करावा असं ठरतंय आणि एका बाजूने मागणी आली आहे की न आलेल्या भाजीचे पैसे कापण्याचं कलम त्यात असावं. माझा त्याला विरोध राहील. त्याऐवजी तीन गोष्टी घालाव्यात असं मी मांडणार आहे : शेतकऱ्याने बाजारातून आणलेली एकही जुडी टोपलीत घालायची नाही, मग टोपली अर्धी आली तरी चालेल; खुरपणीचा रोज बाई-पुरुष असा फरक न करता हिशेबात लिहायचा; आणि शनिवारी टोपली घ्यायला घरातल्या पुरुषाने खाली यायचं. तिसरी गोष्ट करारात बसत नाही असं काका म्हणतील. बाकी टोपली शनिवारी की रविवारी, दुधी किती आणि वांगी किती, यावर बहुमत म्हणेल तसं.